भिंतीकडे फिरणारी खुर्ची

कोणी पासवर्ड टाकायला लागलं की तो खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करायचा. विचुंब्याहून बाइकवर येणारा आमच्या कंटेनर यार्डाचा सर्व्हरवाला. आमचे सगळे सर्व्हर एकाच मशीनच्या पोटात होते आणि ब्राउझरमधल्या एका पानावरून चालायचे. त्या पानात जो शिरेल, तो अख्खं यार्ड बंद पाडू शकत होता.

नोकरी सोडली त्या दिवशी तो मला म्हणाला, "ताई, पयलं माजं खातं बंद करा."

"अरे, तू घरचाच आहेस," यार्डाचे मालक शेठ म्हणाले.

"घरचाच हाय, म्हनून तर."

मी खातं बंद केलं. मग चोराने कुलपं हलवून बघावीत तसा तो आपली सगळी जुनी नावं, जुने पासवर्ड टाकत बसला. त्यातल्या एका नावाने पान उघडलं. चाचणीपुरतं काढलेलं त्याचंच खातं तो विसरला होता.

त्याच्या कपाळावर घाम आला. "ह्ये पन मारा," तो म्हणाला.

शेठ त्याच्याकडे टक लावून बघत होते. नेहमीसारखं चहाचं त्यांनी विचारलंच नाही.

"मॅडम, मुख्य पासवर्डही बदला," ते म्हणाले. "आत्ताच."

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याची खुर्ची आधीच भिंतीकडे फिरली होती.