दोन कार्डं आणि भरलेली गाडी

सोमवारी सकाळी चिखली तालुक्यातल्या उंद्री गावी रेणुकाच्या टेबलावर दोन ग्राफिक्स कार्डं शेजारी शेजारी होती. एक जुन्या पिढीचं, वापरलेलं, बारा जीबी मेमरीचं. दुसरं नव्या पिढीचं, कोरं, आठ जीबीचं. त्यांतलं एकच ठेवायचं होतं.

रेणुका सत्तावीस वर्षांची, सिव्हिलचा डिप्लोमा झालेली. बांधायचं घर आधी कॉम्प्युटरवर उभं करून दाखवायचं, हा तिचा धंदा. चिखलीकडे घर बांधणाऱ्याला हल्ली नुसता नकाशा पुरत नाही. भिंतीचा रंग, गॅलरीचं रेलिंग, दारापुढची तुळससुद्धा त्याला पाया खोदायच्या आधी पाहायची असते.

मधले सहा महिने तिनं पुण्याच्या एका कंपनीत काढले होते. कामात ती कुठं कमी पडली नाही. पण एकदा मीटिंगमध्ये ‘मले वाटते’ असं तोंडून गेलं आणि पुढचे पंधरा दिवस कोणी ना कोणी तिची नक्कल करत राहिलं. तिनं आधी मीटिंगमध्ये बोलणं सोडलं, मग पुणं सोडलं. आता त्याच कंपनीनं पुन्हा बोलावलं होतं. शनिवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं.

जायचं की नाही, हे शुक्रवारवर अवलंबून होतं. चिखलीचे इंजिनिअर हर्षल सर एका मंगल कार्यालयाचं काम करत होते. त्याची चाळीस सेकंदांची फिल्म शुक्रवारी कार्यालय बांधणाऱ्या मंडळापुढे दाखवायची होती. “मंडळाला पटली तर माझी पुढची सगळी कामं तुझी,” असं ते म्हणाले होते. रेणुकाचा कॉम्प्युटर मात्र एकेक चित्र काढतानाच धापा टाकायचा. चित्रं काढायचा भार उचलणारं दमदार ग्राफिक्स कार्ड बसवल्याशिवाय फिल्म त्याच्या आवाक्यातली नव्हती.

म्हणून ती चिखलीच्या सहदेव काकांच्या दुकानात गेली होती. बारा वर्षं कॉम्प्युटर विकणारा आणि दुरुस्त करणारा हा माणूस गिऱ्हाइकाला खोटं सांगत नाही, एवढी त्याची ख्याती.

“नवं गेममध्ये पुढे पळते,” काका म्हणाले. “वीजही कमी खाते. एकशे पंधरा वॉट. जुन्याले एकशे सत्तर लागते. पण जुन्यात मेमरी जास्त.”

“माझ्या कामाले कोणतं बरं?”

“ते मले नाई सांगता येत, पोरी. मी काही मंगल कार्यालयं बांधत नाई. दोन्ही घरी ने, लावून पाह्य.”

काकांच्या मागच्या भिंतीवर पाटी होती : सील फोडलेला माल परत घेतला जाणार नाही. तिच्यासमोरच त्यांनी नव्या डब्याचं सील ब्लेडनं कापलं. जुनं कार्ड स्वतःच्या मशीनमधून काढून दिलं. त्याला वीज कमी पडू नये म्हणून मोठा पॉवर सप्लायही पिशवीत टाकला.

“अन् तुमचं मशीन, काका?”

“मले बिलंच तं काढायचे. बिनकार्डाचं चालते ते.”

सोमवारी दुपारपर्यंत रेणुकानं चाचणी उरकली. तिच्याकडे एका घराचं तयार काम होतं, तेच दोन्ही कार्डांवर तीन-तीनदा चालवलं. जुन्याला एका चित्राला दोन मिनिटं पंचेचाळीस सेकंद लागली, नव्याला दोन मिनिटं दहा. तिन्ही वेळा जवळपास तेच आकडे. नवं कार्ड थंडही राहत होतं, पंख्याचा आवाजही कमी. तिनं वहीत आकडे लिहिले, जुनं कार्ड कागदात गुंडाळलं आणि पिशवीत ठेवलं.

चहाच्या वेळी वडील हरभऱ्यातून आले. पंजाबराव शेतकरी, पण पंचक्रोशीत त्यांची ओळख बैल पारखणारा माणूस अशी. ट्रॅक्टर आले तरी कोणाला बैल घ्यायचा असला की तो त्यांना बाजारात सोबत नेतो.

“ठरलं काय मग?” त्यांनी बशीत चहा ओतत विचारलं.

“हाव. नवं ठेवते. पस्तीस सेकंदांनी पुढे आहे.”

“काय जुपलं होतं त्याले?”

“एका घराचं काम.”

“अन् करायचं काय आहे?”

“मंगल कार्यालय. तीनशे खुर्च्या, स्टेजची सजावट, झुंबरं, बाहेर झाडं.”

पंजाबराव हसले. “म्हंजे रिकामी गाडी पळवली तू. बाजारात इकणारा तसंच करते, माय. रिकाम्या गाडीले जुपते अन् बैल असा पळवते का पाहणारा येडा होते. मी गाडीत पोते भरायले लावतो अन् चढावर नेतो. गुडघे टेकणारा बैल तिथंच समजते.”

“बाबा, हा बैल नाई.”

“नाई ना? मग भ्यायचं काऊन? भर गाडी.”

रेणुका थोडी चिडूनच उठली. मंगल कार्यालयाचं काम अजून तुकड्यातुकड्यांत होतं. हॉल वेगळा, स्टेज वेगळं, आवार वेगळं. तिनं ते सगळं पहिल्यांदाच एकत्र आणलं आणि नव्या कार्डावर सोडलं. चाळीस सेकंदांत पडद्यावर ओळ आली : मेमरी अपुरी. तिनं झाडं कमी केली. पुन्हा तीच ओळ. सगळ्या कामाला साडेदहा जीबी लागत होते आणि कार्डाकडे आठच होते. वेगाचा प्रश्नच उरला नव्हता.

तिनं झाडं परत लावली आणि जुनं कार्ड कागदातून काढून बसवलं. पंखा घोंघावू लागला. तीन मिनिटांनी पहिलं चित्र आलं. झुंबर लागलेलं, तीनशे खुर्च्या ओळीत.

फिल्मला अशी नऊशे साठ चित्रं लागणार होती. तीन मिनिटांप्रमाणे अठ्ठेचाळीस तास. मंगळवारी सकाळी तिनं काम सुरू केलं. वीज तीनदा गेली, पण प्रत्येक चित्र वेगळं जपलं जात असल्यामुळे थांबलं तिथून पुढे सुरू करता आलं. गुरुवारी दुपारी शेवटचं चित्र निघालं. नव्या कार्डावर विसंबून ती बुधवारपर्यंत तुकडेच जुळवत बसली असती, तर चूक कळेपर्यंत अठ्ठेचाळीस तास उरलेच नसते.

शुक्रवारी मंडळानं फिल्म दोनदा पाहिली. अध्यक्षांनी फक्त जेवणाच्या हॉलचं दार मोठं करायला सांगितलं. हर्षल सरांनी तिथंच तिला पुढच्या दोन कामांचे नकाशे दिले. घरी येऊन तिनं पुण्याला दोन ओळींचा नकार कळवला.

शनिवारी ती नवं कार्ड परत द्यायला गेली. डब्याच्या फोडलेल्या सीलवरून तिनं बोट फिरवलं.

“काका, हे आता कोण घेईल?”

“मीच. माझ्या मशीनची जागा रिकामी आहे ना.” काकांनी तिच्यासमोरच ते बसवलं आणि तिनं ठेवलेल्या जुन्या कार्डाचं बिल काढायला घेतलं. प्रिंटर नेहमीसारखाच थांबत थांबत कुरकुरला.

“लवकर निघालं का बिल?” तिनं विचारलं.

“तेवढ्याच वेळात,” काका म्हणाले. “पण मशीन जोरदार दिसते.”

रेणुका हसली. तिनं पिशवीतून हरभऱ्याच्या घाट्यांची जुडी काढून काउंटरवर ठेवली. “बाबांनी पाठवली. म्हनले, ज्यानं बैल भरल्या गाडीले जुपून पाहू दिला, त्याले दे.”

काकांनी एक घाटा सोलला, दाणे तोंडात टाकले आणि बिल तिच्या हातात दिलं.