थडग्यावरची माती

नोटाबंदीच्या पुढच्या वर्षी मी चेन्नईला गेले ती केवळ सोबत म्हणून. तळासरीच्या बाजारात मी सुकी मासळी विकते, शेजारी वेवजीची माझी मैत्रीण भाजी घेऊन बसते. ती ख्रिस्ती. तिच्या नवऱ्याचं लिव्हर गेलेलं, डॉक्टरांनी हात टेकलेले. येशूच्या एका शिष्याच्या थडग्यावर बांधलेलं जुनं चर्च पाहायला तिच्या गावातली माणसं निघाली होती. पूर्वी लोक त्या थडग्यावरची माती नेत आणि पाण्यात कालवून आजाऱ्याला पाजत, असं तिने सासूकडून ऐकलं होतं. तिला चिमूटभर माती हवी होती.

निघताना तिचा नवरा खाटेवरून मला म्हणाला, "तू नको गो जाऊ. बोंबलाच्या वासानं संत उठून पळंल."

"भावजी, येशूच्या शिष्यांत कोळीच जास्त होते म्हणे. नाही पळायचे."

तो हसला. मग बायकोला म्हणाला, "तू तरी बस इथं." तिने पिशवी उचलली.

चर्च पांढरंशुभ्र, मान दुखेल इतकं उंच. थडगं खाली, जिने उतरून. तिथे संगमरवर आणि काच. मैत्रिणीने वाकून फरशीच्या सांध्यात नख घालून पाहिलं. तिथला सेवेकरी हिंदीत समजावू लागला. आधी नुसती कबर होती, पोर्तुगीजांनी तिच्यावर चर्च बांधलं, इंग्रजांच्या काळात ते पाडून हे उभं राहिलं.

"आणि माती?" तिने विचारलं.

"ती या सगळ्याच्या खाली, अम्मा."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "या झाडाखालची घे. जमीन एकच ना?"

"ही माळ्यानं आणून टाकलीय. शेणखताचा वास येतो, कळत नाय तुला?"

आम्ही रिकाम्या हाताने परतलो. तोवर नवऱ्याची वाचा गेली होती. बायकोकडे बघायचा, पण ओळख दिसत नव्हती. आठवड्याभरात संपलं.

तिची सून म्हणाली, तुम्ही गेलात आणि बाबा दोन दिवस नुसते बोलत होते. लग्नाचं, ताडी काढायला झाडावर चढायचे त्याचं, विकलेल्या बैलाचं.

मैत्रीण अजून शेजारीच बसते. सून सकाळी भाजी उतरवायला आली की ही विचारते, "बैलाचं काय म्हणाले गं?"

सून सांगते. दर वेळी थोडं कमी.