वत्सलाकाकूंनी अडवलेला माहितीपट

"पिक्चर बघायला कोणी नाशिकहून अमरावतीला जातं का?" बायकोने विचारलं. मी जातो! माझी भाची रश्मी तिथे माहितीपट करते, आणि तिच्या मित्रमंडळींनी लघुपटांचा दिवसभराचा मेळा भरवला होता.

मेळा राजापेठेत, एका ट्यूशन क्लासच्या शेजारच्या हॉलमध्ये. भिंत पातळ. पडद्यावर नायक प्राण सोडत होता, आणि पलीकडून सर गरजले, "हे परीक्षेत हमखास येतं!" अख्खा हॉल हसला; नायक बिचारा एकटाच मेला. लघुपटांत एकंदर मरण फार. जेवणाच्या सुट्टीपर्यंत दोन आजोबा आणि एक बैल गेला. अभिनय बैलाचा सर्वांत चांगला.

रश्मीचा माहितीपट मात्र खमंग. तेल्हाऱ्याच्या वत्सलाकाकू शेतात रोडगे (गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजलेले कणकेचे गोळे) करतात, एवढंच. धूर, निखारे, तूप. बोलणं जवळपास नाहीच. मी उभा राहून टाळ्या पिटल्या.

"थांब मामा," रश्मी म्हणाली. "उद्या काकू बघणार. मी शब्द दिलाय, त्यांना पटलं नाही तर हा पुन्हा कुठेही दाखवणार नाही. वर्षभराचं काम आहे रे."

दुसऱ्या दिवशी एसटी दर्यापूर, अकोट करत तेल्हाऱ्याला निघाली. दोन्हीकडे काळी जमीन, फुटलेला कापूस, उत्तरेला सातपुड्याची निळी कड. प्रत्येक खड्ड्याला मी उडत होतो. रश्मी लॅपटॉप तान्ह्या बाळासारखा कवटाळून बसली होती.

काकूंनी खिडक्यांवर गोधड्या टाकून घराचं थेटर केलं होतं. शेजारणी जमल्या.

"पाय व (बघ गं), हिरोइन झाली न वत्सला!"

काकूही लाजत हसत होत्या. मग पडद्यावर पंगत बसली, पाहुणे जेवले, उठले. काकूंचं हसू मावळलं.

"हे नाई दाखवाचं."

रश्मी पांढरी पडली. "काहून (का) काकू?"

"पाहुणे उठले, अन् मी कोनालेच 'घ्या न अजून' म्हनलं नाई! लोकं काय म्हनतीन मले?"

"तुमी म्हनलं न काकू, सगळ्यांले म्हनलं! तेच तेच येत होतं, म्हणून मीच कापलं."

"कापलं? बाप्पा!" शेजारीण ओरडली. "मंग जेवनात राह्यलं काय?"

खरंच होतं. इथे पाहुणा ताटावर हात आडवा धरतो आणि वाढणारी त्याच्या बोटांच्या फटीतून तूप सोडते. त्याशिवाय जेवण झालं असं कोणी मानत नाही.

रश्मीने घाईघाईने कापलेलं चित्रण शोधून लावलं. पडद्यावर एक भारदस्त गृहस्थ ताट उचलून कडुलिंबाभोवती पळत होते आणि मागे काकू, हातात रोडगा! घर हसून लोळलं. काकूंनी पदराने डोळे पुसले.

"हे टाक त्याच्यात. मंग दाखव, लागे तं दिल्लीत!"

त्यानंतर आम्हाला वाढलं गेलं. माझ्या हाताला अजून तुपाचा वास येतोय.

परतीला अकोल्याच्या फलाटावर रश्मी तो पळापळीचा तुकडा पुन्हा जोडत बसली. माहितीपट चांगलाच लांबला, पार पसरला. अमरावतीत मी ज्याला टाळ्या पिटल्या, तो रोडग्यांचा होता. आता तो काकूंचा झालाय.