अल्लीपूरचं परराष्ट्र खातं

जगात कुठंही दोन देशांचं बिनसलं की त्याचा पहिला त्रास अल्लीपुरात आमच्या थोरल्या साडूंना होतो. ज्यांची भांडणं असतात ते पंतप्रधान आणि राष्ट्राध्यक्ष पोटभर जेवून झोपत असतील, साडू मात्र ताटावर बसल्या बसल्या भाकरीचा तुकडा तसाच हातात धरून म्हणतात, "बोलणं बंद झालं त्याईचं. हे काही बरं नाई झालं." यावर माझी मेव्हणी, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, म्हणते, "तुमचं वरण थंडं होऊन राह्यलं, थे पाहा पहिले."

साडूंचं घराच्याच पुढच्या भागात कापडाचं दुकान आहे. लुगडी, धोतरं, शाळेचे गणवेश आणि मुख्य म्हणजे लग्नातल्या मानपानाचं कापड: टॉवेल, टोप्या, दुपट्टे, शेले. कोणत्या मामाला हलका शेला गेला, कोणता काका टोपी न घेताच मांडवातून उठून गेला, कोणाची समजूत कोणी आणि कशी घातली, हे पाहण्यातच त्यांचा जन्म गेला. त्यामुळं जगाचा कारभार म्हणजे एक मोठं लग्नघर आहे, अशी त्यांची पक्की समजूत आहे. सगळे देश वऱ्हाडी आहेत, सगळ्यांना कशाचा ना कशाचा राग आलेला आहे आणि कोणी उपाशी मांडवाबाहेर जाऊ नये, एवढंच परराष्ट्रमंत्र्याचं काम आहे.

दुकानात गल्ल्यावर एक छोटा टीव्ही आहे. त्याच्यावर दिवसभर बातम्या चालू आणि आवाज बंद. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "आवाज कायले पायजे? बोलते थे सारं घरून लिहून आणलेलं असते. तू हात पाह्य." मग ते हात पाहतात. विमानतळावर घ्यायला कोण आलं, आधी हात कोणी पुढं केला, कोणाची खुर्ची बोटभर उंच आहे. आणि शाल! दोन नेत्यांची भेट झाली आणि एकानं दुसऱ्याच्या खांद्यावर शाल टाकली की साडू टीव्हीला नाक लावतात. एकदा उशांचे अभ्रे घ्यायला आलेल्या बाईंना तसंच उभं ठेवून त्यांनी जाहीर केलं, "ही शाल फिरवलेली हाय. कोण्या तरी दुसऱ्यानं याले देलती, थे यानं त्याले देली. नव्या शालीची घडी अशी पडत नाई. हे दोघं टिकत नाईत, ध्यानात ठेवजो." पुढं त्या दोन देशांचं खरोखर बिनसलं, तेव्हा साडूंनी ते गावभर सांगितलं. त्यांचे जे इतर अंदाज सपशेल खोटे ठरले आहेत, त्यांच्याबद्दल विचारलं तर म्हणतात, "वेळ लागते बाप्पा. लग्नातला रुसवा बारशाले निघते."

मी स्वतः कोणत्याही सरकारला सोडत नाही. उठसूट शिव्या देतो आणि त्या दिल्यावर मला बरं वाटतं. साडूंच्या तोंडून मात्र मी कोणत्याच नेत्याबद्दल वाकडा शब्द ऐकलेला नाही, आपल्याही नाही आणि परक्याही नाही. एखादा नेता सभेत शेजारच्या देशावर गरजत असला की मी म्हणतो, "पाहा, कसा माजला!" साडू म्हणतात, "थो बाहेरच्याले नाई बोलून राह्यला, घरच्याईले ऐकवून राह्यला. लग्नात वधूपिता आचाऱ्यावर काऊन ओरडते? व्याह्यानं ऐकावं म्हणून. आचाऱ्याले बी माहीत असते. थो कढी ढवळत राह्यते." एक देश दोन वैऱ्यांकडून एकाच वेळी माल घेतो, असं मी तावातावानं सांगितलं, तर म्हणाले, "मंग? एकाच दिवशी दोन घरी लग्न असलं तर आपण काय करतो? एकीकडं अक्षता टाकतो, दुसरीकडं जेवतो."

तटस्थतेवर त्यांची विशेष श्रद्धा आहे. ग्रामसभेत हात वर करायची वेळ आली की साडूंना हमखास तहान लागते आणि ते पाणी प्यायला बाहेर जातात. "तटस्थ राहाले हिंमत लागते," असं ते एकदा मला समजावत होते, तेवढ्यात आतून मेव्हणी म्हणाली, "लागते ना. घरात पंखा घ्याचा का कूलर, यात बी तटस्थ राह्यले. उन्हाळा निघून गेला."

हे सगळं मी हसण्यावारी नेत होतो, तोच परराष्ट्र व्यवहार माझ्याच दारात आला.

मी आष्टीचा संत्र्याचा व्यापारी. आठवडी बाजारात जमिनीवर टोपली मांडून सुरुवात केली, बापाच्या नावावर एक दिवसही खाल्लं नाही. भाव कसा करायचा हे मला कोणी शिकवलं नाही आणि त्यात मला कोणी हरवलेलंही नाही. तापट आहे, पण शब्दाचा पक्का आहे. माझा निम्म्याहून जास्त माल बांगलादेशात जायचा. तिथले एक व्यापारी, आम्ही त्यांना हाजीसाहेब म्हणायचो, कित्येक वर्षं माझ्याकडून संत्री घेत. दर हंगामात येत, बागेत फिरत, झाडावरून फळ तोडून सुरीनं कापत, चाखत आणि मग आम्ही दोघं दुपारभर भांडून एका भावावर येत असू. त्या भांडणाची मला सणासारखी ओढ असायची. मग त्यांच्या सरकारनं संत्र्यावरचा कर वाढवला, पुन्हा वाढवला, आणि माझा माल तिकडच्या बाजारात परवडेनासा झाला. आपल्या दिल्लीत एवढी मोठमोठी माणसं, जगाला सल्ले देतात, पण आष्टीच्या संत्र्यासाठी कोणी जोर लावून तोंड उघडलं नाही. हा राग माझ्या मनात आजही आहे आणि तो मी सोडणार नाही.

तो राग निघाला हाजीसाहेबांवर. फोनवर मी ओरडलो, "तुम्हारी सरकार को बोलो, संत्रा हम ढोर को खिलाएंगे, लेकिन तुमको नहीं देंगे!" ते हळूच म्हणाले, "भाईसाब, हमारे हाथ में क्या है?" आणि फोन ठेवला. मग त्यांचाही फोन नाही आणि माझाही नाही. इकडं आंबिया बहार, म्हणजे दिवाळीच्या सुमारास उतरणारं पीक, तयार होत आलेला, मी बागा आधीच विसार देऊन धरून ठेवलेल्या. हाजीसाहेबांनी माल उचलला तर हंगाम निभावला. नाही तर सगळी संत्री दिल्लीच्या मंडईत दुसऱ्याच्या मर्जीवर नेऊन ओतायची.

बायकोकडून हे साडूंना कळलं. ते लगेच एसटीनं आष्टीला आले. "राजदूत वापस बोलावणं म्हणतात याले," ते म्हणाले. "चूक नाई तुझी, मोठे मोठे करतात. पण मागच्या दारानं बोलणं चालू ठेवा लागते. नंबर दे." मग रोज दुकानातून त्यांची हिंदी सुरू झाली: "हमारा साडू तापट है, पन दिल का बुरा नहीं है. कढी जैसा है, उतू जाता है और फिर बैठता है." यातलं हाजीसाहेबांना किती कळलं कोण जाणे. पण एक दिवस ते म्हणाले, कामासाठी कोलकात्याला येतोच आहे, तिथून हावड्याची गाडी धरून वर्ध्याला येतो.

साडूंच्या अंगात परराष्ट्र खातं संचारलं. भेट आष्टीला नको, तटस्थ जागी हवी. तटस्थ जागा म्हणजे त्यांचं घर. मी म्हटलं, "भाऊजी, तुम्ही माझे साडू, मग तुमचं घर तटस्थ कसं?" तर म्हणाले, "तुह्या बायकोले विचार, मी तुह्या बाजूनं कधी बोललो का?" हे मात्र खरं होतं. पुढचा नियम: आधी जेवण, मग गोष्टी. आवाज चढवायचा नाही. "चढला तर?" "तर मी खोकलतो. खोकललो का तू पाणी पे."

हाजीसाहेब आले. दाढी आणखी पांढरी झाली होती, बाकी तसेच. मी सोबत ताज्या फळांची एक पेटी आणून मुद्दाम समोर ठेवली होती. त्यांनी तिच्याकडं पाहिलं आणि नजर काढून घेतली. बागांचं नावही घेतलं नाही. मी मनात म्हटलं, जुना खेळाडू आहे. माल नको असल्यासारखं दाखवून भाव पाडणार. मीही गप्प बसलो. त्या खेळात माझ्यापेक्षा जास्त वेळ कोणी गप्प बसलेलं नाही.

पंगत बसली. वांग्याची भाजी, भजी, कढी, पुरणपोळी आणि वाटीभर तूप. हाजीसाहेबांनी ताट साफ केलं. ताट साफ दिसलं की वाढायचं, ही आपली रीत. मेव्हणीनं पोळी टाकली. त्यांनी तीही संपवली. साडूंनी स्वतःच्या हातानं दुसरी टाकली. तीही गेली. साडू माझ्या कानाशी लागले, "पाह्य, कसा खाऊन राह्यला! बोलणी जमली समज." आणि त्यांनी आणखी एक टाकली. तेव्हा हाजीसाहेबांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी दोन्ही हात जोडले. "भाईसाब, बस. हमारे घर में थाली में छोड़ना बहुत बुरा मानते हैं. आप देना बंद करेंगे, तभी मैं रुकूंगा."

"अरे देवा," मेव्हणी म्हणाली. "तुमच्या मानपानानं माणूस मारता का आता?"

जागतिक राजकारणात असं कुठं झालं असेल तर मला माहीत नाही. पाहुण्याला दुकानातल्या पांढऱ्या गादीवर, लुगड्यांच्या गठ्ठ्यांमध्ये, आडवं केलं. मेव्हणीनं ओवा आणि गरम पाणी दिलं. साडू दुपट्ट्याच्या घडीनं वारा घालत होते. सगळे नियम कोसळले होते, आणि माझ्याच्यानं राहवेना.

"हाजीसाहेब," मी म्हटलं, "आपकी सरकार का हमारे संत्रे ने क्या बिगाड़ा था?"

त्यांनी डोळे मिटूनच उत्तर दिलं. "और आपकी सरकार ने प्याज भेजना बंद किया था, तब मेरा माल बॉर्डर पर सड़ गया. मैंने आपको फोन करके गाली दी थी क्या?"

साडू खोकले.

"खोकू नका भाऊजी!" मी ओरडलो. "त्यांचं बरोबर आहे, बोलू द्या."

हाजीसाहेब उठून बसले. पेटीतलं एक संत्रं त्यांनी हातात घेतलं, नाकाला लावलं आणि तसंच परत ठेवलं. "भाईसाब, मैं माल लेने नहीं आया. संत्रे का काम मैंने बंद कर दिया. बेटे ने जूतों की दुकान डाली है, उसी में बैठता हूँ. फोन पे बोलता, तो आप फिर गुस्सा करते. इतने साल का धंदा है, फोन पे कैसे खतम करता? सामने बैठ के बोलने आया."

भाव तोडायला समोर भाव लागतो. माझ्यासमोर काहीच नव्हतं. ज्या माणसाला माल घ्यायचाच नाही, तो बागेचं नाव कशाला काढेल? हे टोपलीवाल्या पोरालाही कळलं असतं. साडूंनी वारा घालणं थांबवलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "दुकान चलती है ना?" हाजीसाहेब म्हणाले, "चलती है. लेकिन जूते में खुशबू नहीं होती, भाई." त्यावर आम्ही तिघंही हसलो.

संध्याकाळच्या गाडीला आम्ही दोघं त्यांना वर्ध्याला सोडायला गेलो. गाडी हलली तरी हाजीसाहेब दारात उभे होते. शेवटचा डबा गेला, फलाटावरची गर्दी पांगली, चहावाल्यानं किटली उचलली. मी म्हटलं, "चला भाऊजी." ते म्हणाले, "थांब ना जराक. पोचवाले आलेल्यानं लगेच पाठ फिरवू नाई."

मग म्हणाले, "तुह्या संत्र्याचं कसं मंग?"

"दिल्लीला जातील."

"भाव?"

"पडेल तो," मी म्हणालो.

जन्मात पहिल्यांदा हे उत्तर माझ्या तोंडून निघालं होतं, आणि ते त्यांना माझ्याइतकंच कळलं. त्या दिवशी त्यांनी कोणत्याही सरकारची बाजू घेतली नाही, लग्नाचा दाखला दिला नाही. माझ्या कोपराला धरलं आणि रिकाम्या रुळांकडं बघत उभे राहिले. मीही हात सोडवून घेतला नाही.