लाल झालेली जागा

विमलवहिनींचा फोन आला तेव्हा मी सुलतान बाजारात विद्यार्थिनींच्या ॲप्रनसाठी कापड बघत होते. "आक्का गेल्या," एवढंच त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "पाठ स्वच्छ आहे, मीना. कुठं काही नाही..." तीन महिने अंथरुणाला खिळलेल्या बाईच्या अंगावर एकही जखम नव्हती, हे त्या मला सांगत होत्या. दुकानदारानं उलगडलेला तागा तसाच राहिला. मी ऑटो करून गौलीगुड्याला त्यांच्या घरी पोचले.

सुमन वाघमारे माझ्या शिक्षिका. नर्सिंग कॉलेजात सगळ्या मुली त्यांना आक्का म्हणायच्या. तेलुगू मुलींची ती अक्का आणि आम्हा मराठी पोरींचीही. त्यांचे वडील रेल्वेच्या नोकरीसाठी नांदेडकडून इथं आले. त्या काळात त्यांच्या वस्तीतली मुलगी नर्स झाली, पुढं शिकून इतर नर्सना शिकवू लागली, याचा आक्कांना अभिमान होता, पण त्या तो बोलून दाखवत नसत. लग्न केलं नाही. भाऊ लवकर गेला, मग त्या आणि भावजय विमलवहिनी, अशा दोघीच राहिल्या. वर्गात त्या इंग्रजी, तेलुगू आणि इथली दखनी उर्दू मिसळून शिकवायच्या. मी राहायला चिक्कडपल्लीत, पण मूळची उदगीरकडच्या शेतकऱ्याच्या घरातली, म्हणून तास संपला की माझ्याशी मराठीत बोलायच्या, "काय गं, जेवलीस का?" एवढ्यापुरतं तरी.

पाठीची निगा हा त्यांचा आवडता धडा. पडून राहणाऱ्या रुग्णाची पाठ स्पिरिटनं चोळायची, वर पावडर लावायची, आणि जिथं कातडी लाल दिसेल तिथं जास्त वेळ चोळायचं, म्हणजे रक्त खेळतं आणि बेडसोर होत नाही. त्यांना त्यांच्या शिक्षिकांनी असंच शिकवलेलं, त्यांनी वीस वर्षं आम्हाला शिकवलं. दुसऱ्या वर्षाला असताना मी वॉर्डात एका म्हाताऱ्या बाईची पाठ चोळत होते. माकडहाडापाशी लाल झालं होतं, आणि चोळल्यावर ते आणखी लाल व्हायचं. बाई कण्हायची. मी आक्कांना विचारलं, हे बरं होतंय की वाढतंय? त्यांना ते आवडलं नाही. पुस्तकात आहे तसं कर, म्हणाल्या, आणि पुढच्या खाटेकडं गेल्या.

दोनेक आठवड्यांनी त्यांनी मला ग्रंथालयात बोलावलं. टेबलावर नियतकालिकांच्या झेरॉक्स पडलेल्या, समासात पेन्सिलीच्या खुणा. इतर ठिकाणच्या नर्सनी हेच तपासून पाहिलं होतं. लाल झालेल्या जागी आतली कातडी आधीच दुखावलेली असते, चोळल्यानं ती आणखी फाटते. दाब काढायचा, कूस बदलायची, चोळायचं नाही. आक्कांनी झेरॉक्स एकावर एक जुळवून ठेवल्या. मग चष्मा काढून म्हणाल्या, "वीस वर्षं, मीना... किती पाठी असतील." मी म्हणाले, तुम्हाला कुठं माहीत होतं. त्यावर त्यांनी मान हलवली. तुला प्रश्न पडला होता, म्हणाल्या, मला पडायला पाहिजे होता.

दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्यापुढं उभं राहून त्यांनी सांगितलं, मी तुम्हाला चूक शिकवलं. पुढं कित्येक महिने, कॉलेज सुटल्यावर, त्या जुन्या विद्यार्थिनींना फोन करत राहिल्या. कोण कुठल्या दवाखान्यात आहे ते शोधायचं आणि सांगायचं. कुणी हसून सोडून द्यायची, कुणी आभार मानायची. एक जण मोठ्या दवाखान्यात मेट्रन झाली होती, ती चिडली. मी शेजारीच बसले होते. आम्ही इतकी वर्षं लोकांना दुखवलं काय, असं ती विचारत होती. आक्का शांतपणे म्हणाल्या, "हौ. मी शिकवलं म्हणून." फोन ठेवल्यावर त्यांनी यादीतल्या पुढच्या नावापुढं बोट ठेवलं.

मीही पुढं शिक्षिका झाले, त्यांच्याच कॉलेजात. उपचार ठरवताना तीन गोष्टी बघा, असं त्या सांगायच्या: संशोधन काय म्हणतं, आपला अनुभव काय म्हणतो आणि रुग्णाला काय हवंय. तिसरी गोष्ट मुली परीक्षेत हमखास विसरायच्या. मीही जवळजवळ विसरलेच होते.

या वर्षी आक्कांचं अर्धं अंग गेलं. बोलणं जड झालं, पण कळायचं. पहिल्याच आठवड्यात मी गेले, तर विमलवहिनी खोबरेल तेलानं त्यांची पाठ चोळत होत्या, आणि माकडहाडापाशी लाली धरली होती. मी पुढं सरसावले. आक्कांनी चांगल्या हातानं माझं मनगट धरलं. वहिनी चहा ठेवायला आत गेल्यावर आक्का एकेक शब्द जुळवत म्हणाल्या, "एकदम नको म्हणू नकोस तिला... ती दुसरं काय करणार माझ्यासाठी? तिचा हात वर घे, खांद्यावर."

ज्या बाईनं गावोगावच्या नर्सना फोन करून चोळू नका म्हणून सांगितलं, तिनं घरात मात्र तोंड उघडलं नव्हतं. वहिनी चहा घेऊन आल्या तेव्हा मी म्हणाले, आक्कांचे खांदे फार दुखतात, तेल तिथं लावू. मग हळूहळू बाकीचं सांगितलं. दर दोन तासांनी कूस बदलायची, घोट्यांखाली उशी, लाल जागेला हात नाही. का, ते वहिनींनी विचारलं, तेव्हा आक्कांनी स्वतःच सगळी जुनी गोष्ट अडखळत सांगितली. लाली आठवड्यात उतरली. खांद्यांना तेल मात्र रोज लागायचं, आणि आक्का डोळे मिटून घ्यायच्या.

त्यांना जाऊन आता दीड महिना झाला. परवा मी गेले तर दाराला कडी होती. पलीकडच्या घरातल्या आजीचं पडून हाड मोडलंय, वहिनी तिथं होत्या. चौथी शिकलेल्या वहिनी आजीच्या नातीला दखनीत समजावत होत्या, "लाल जगा पे नक्को रगड. हमारे आक्का पहले रगडो बोल के सिकाते थे. बाद में गलत है करके मालूम हुआ, तो खुदीच नक्को बोले."

मग त्यांनी त्या मुलीचा हात धरला आणि आजीच्या खांद्यावर ठेवला.