विमानातला मोगरा
बोळिंजच्या आमच्या गॅलरीत मोगरा फुलला, की मला विमानच आठवतं. बहिणीच्या डोहाळजेवणासाठी आई आणि मी अमेरिकेला निघालो होतो. सांडोरच्या वाडीत जन्मभर गजरे गुंफलेल्या बाईला इतके तास नुसतं बसवणार कसं? जेवणाचे ट्रे गेल्यावर आईने समोरचा सिनेमा बंद केला, ओल्या फडक्यातल्या कळ्या आणि केळीच्या सोपटाचा दोरा काढला आणि मांडी घालून कामाला लागली. कळ्या उमलत गेल्या तशा आजूबाजूच्या रांगा घमघमायला लागल्या. मी अवघडून बसलो होतो. शेवटी हवाई सुंदरी आली. ती निघाली आपल्याकडचीच. म्हणाली, "मावशी, फुलं बाहेर नेऊ देत नाहीत हां. उतरल्यावर काढून घेतात." आईचे हात थांबले. लेकीच्या केसांत माळायलाच तर सगळा खटाटोप होता. पण ती कसली खचते! "मग टाकायची कशाला? तू डोकं खाली कर बघू," म्हणत तिने पहिला गजरा त्या मुलीलाच माळला. बाकीचे आजूबाजूच्या बायकांना वाटून टाकले, "उतरेपर्यंत तरी माळा," म्हणून. हात पुसायला मी ओला कागद दिला, तो तिने परत केला. विमानतळाबाहेर बहीण उभी होती. आईने दोन्ही तळवे तिच्या गालांवर ठेवले. बहिणीने डोळे मिटून खोल श्वास घेतला आणि विचारलं, "वाडीतल्या विहिरीजवळचा मोगरा ना?" आजही कळ्या खुडल्या, की मी लगेच हात धूत नाही.