रक्तातला चुना

“परका जावई आधी पोरीची हनुवटी बघेल, माझा भाऊ बघणार नाही,” असं अनुसूया एकदा म्हणाली होती.

चामराजपेटेत ती बायकांची झंपरं शिवायची. नवरा लवकर गेला. डाव्या जबड्यावर लिंबाएवढी गाठ, म्हणून पदर सदा गालावर. तिच्या वडिलांनाही तशीच गाठ होती. ते मुतखड्यानं तळमळून गेले. घरात याला रोग म्हणत नसत. आमची हाडंच कच्ची, म्हणत. त्यावर उपाय म्हणून सगळ्यांनी रोज सकाळी ताकात विड्याचा चुना घालून प्यायचा. आणि मुलगी मामाला द्यायची. ही चाल आसपास सगळीकडेच होती. या घरात तिला एक जास्तीचं कारण होतं: गाठ घरातल्या घरात झाकली जायची. त्यामुळे अनुसूयाची लेक कावेरी पाळण्यात असतानाच तिच्या धाकट्या भावाची, सयाजीची, ठरली.

त्रेसष्ट साली दाताच्या डॉक्टरनं अनुसूयाची गाठ काढली. पुढे उजवीकडे दुसरी आली. मग खड्याच्या कळा सुरू झाल्या आणि ती मोठ्या इस्पितळात पोचली. तोवर जबडा एका डॉक्टरचा होता, मूत्रपिंड दुसऱ्याचं. दोन्ही एकाच बाईची आहेत हे पहिल्यांदा डॉक्टर भीमाचार्यांनी पाहिलं. त्यांनी रक्त तपासलं.

“गळ्यात गव्हाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात. तुमची एक फुगलीय. ती हाडांतला चुना काढून रक्तात सोडतेय. आणि तुम्ही वरून आणखी पिताय.”

“मग हाडांना काय द्यायचं?”

“आधी चोर बाहेर काढू. जबड्याची गाठ आणि हा आजार एकत्र, असं एक परदेशी कुटुंब मी फक्त वाचलंय. तुमच्या घरात आणखी कुणाला?”

“वडिलांना होतं.”

“भावंडं? मुलं?”

“एक भाऊ, एक लेक. दोघांचं लग्न आहे.”

“कुणाशी?”

“एकमेकांशी.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “हे आईबापांकडून पोरांत उतरतं, लग्नाआधी दोघांचं रक्त बघायला हवं.”

शस्त्रक्रिया झाली. अनुसूयाच्या हाडांचं दुखणं ओसरलं. मग तिनं दोघांनाही रक्त द्यायला नेलं. कावेरीचं चांगलं निघालं. सयाजीच्या रक्तात चुना वाढलेला होता.

“लग्न मोडलं,” घरी येऊन ती म्हणाली.

सयाजी हसला. “मग मला कुणाची पोर आणणार, अक्का? दुसऱ्याची चालेल?”

“तू आधी गळा कापून घे.”

“घेतो. त्यानं माझ्या पोरांना होण्याचं भय जातं का? विचारलंस?”

तिनं विचारलं होतं. जात नव्हतं.

कावेरी चुलीपाशी भाकरी थापत होती. ती मागं न वळता बोलली.

“बोलायला लागले तेव्हापासून मला मामाची बायको म्हणालात. मीही तेच म्हणत गेले. आता डॉक्टर म्हणाला म्हणून मी कुणाचीच नाही?”

“तुझ्या पोटी असली पोरं नकोत, म्हणून.”

“असली म्हणजे तुझ्यासारखी?”

“बाळ...”

“तुझं रक्त कुणी आधी बघितलं असतं, तर मी झाले असते का गं, आई?”

तव्यावरची भाकरी करपत होती; कुणी उलटली नाही. अनुसूयानं आपल्या लेकीच्या पाठीकडे पाहिलं. मग ती उठली, गालावरचा पदर सोडला आणि तशीच दाराबाहेर पडली.